स्कॅनर : मांडणी आणि श्रवण

घरातील रेडिओ आणि स्कॅनर हे एकाच तत्त्वावर चालणारे संच असले, तरी त्यांच्यापुढील काम मुळातच वेगळे असते. आकाशवाणीचे केंद्र ठरलेल्या वेळी अखंड बोलत असते. ऐकणाऱ्याने काटा एकदा त्या जागी आणून ठेवला की त्याचे काम संपले. याउलट अग्निशमन दलाचा बंब, विमानतळावरील नियंत्रण मनोरा, बंदरात शिरणारी नौका किंवा मालगाडीचा चालक हे दिवसाचा बराचसा वेळ गप्पच असतात. त्यांचे बोलणे चार-पाच सेकंदांत आटोपते आणि ते केव्हा होईल हे कोणालाही आधी सांगता येत नाही. अशा पाच-पन्नास मूक केंद्रांवर एकाच वेळी कान ठेवणे, आणि त्यांपैकी जे बोलेल त्यापाशी क्षणार्धात जाऊन थांबणे, हे स्कॅनरचे काम होय.

या यंत्राचा जन्म आणि वाढ प्रामुख्याने अमेरिकेतील. डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गस्तीच्या मोटारींना रेडिओवरून नियमित हुकूम देण्यास आरंभ केला. मोटारीतील शिपायास तो हुकूम ऐकू येई, पण उलट उत्तर देता येत नसे. पुढे इतर शहरांनीही हा मार्ग धरला. पोलिसांची कंप्रता, म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या, सामान्य प्रक्षेपणाच्या पट्ट्याला लागूनच असल्यामुळे घरोघरीचे लोकही हे हुकूम ऐकत. १९३० नंतरच्या दशकातील कित्येक अमेरिकी रेडिओंच्या तबकडीवर 'पोलीस' असा शब्दच छापलेला आढळतो. पुढे हे बोलणे अधिक उच्च कंप्रतांकडे गेले आणि साध्या रेडिओवर ऐकू येईनासे झाले. तेव्हा निघालेल्या पहिल्या स्कॅनरांत प्रत्येक केंद्रासाठी क्वार्ट्झचा एकेक स्फटिक विकत घेऊन बसवावा लागे. आठ केंद्रे हवीत तर आठ स्फटिक. १९७० नंतर एकाच स्फटिकापासून हवी ती कंप्रता निर्माण करणारी मंडले आली आणि स्फटिकांची ही खरेदी संपली. आजचा हातात मावणारा संच शेकडो कंप्रता स्मरणात ठेवतो.

संच हाती आल्यावर पहिले लक्ष विजेकडे द्यावे. साध्या घटाचा दाब दीड व्होल्ट आणि पुन्हा भारित करता येणाऱ्या निकेल घटाचा १.२ व्होल्ट असतो. काही संचांत घट कोणत्या प्रकारचे आहेत हे सांगणारी एक बारीक कळ घटांच्या कप्प्यातच बसवलेली असते. ती चुकीच्या बाजूला राहिली आणि संच भारित करण्यास लावला, तर साधे घट तापून फुटू शकतात. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका न वाचणाऱ्यास ही कळ महिनोन्‌महिने दिसत नाही.

दुसरे लक्ष एरियलकडे. संचासोबत मिळणारी रबरी काडी सर्व पट्ट्यांवर थोडे थोडे काम करते आणि कोणत्याही एका पट्ट्यावर उत्तम करत नाही. साध्या उभ्या एरियलची लांबी तरंगलांबीच्या चौथ्या भागाइतकी असावी, असा नियम आहे. ७५ या संख्येस मेगाहर्ट्झमधील कंप्रतेने भागले की ती लांबी मीटरमध्ये मिळते. विमानांच्या १२५ मेगाहर्ट्झसाठी ६० सेंटिमीटर, १५० साठी अर्धा मीटर, ४६० साठी अवघी १६ सेंटिमीटर. ताणून लहानमोठे करता येणारे एरियल मिळाले तर हा नियम लगेच पडताळून पाहता येतो. एरियल उभेच धरावे, कारण मोटारींवरील आणि मनोऱ्यांवरील एरियलही उभीच असतात; संच टेबलावर आडवा ठेवल्यास आवाज क्षीण होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे स्क्वेल्च. केंद्र बोलत नसताना एफ.एम. संचातून जोराची खरखर ऐकू येते. ही खरखर चालू असेपर्यंत ध्वनिवर्धकाचे तोंड बंद ठेवणाऱ्या आणि खरी तरंगमाला येताच ते उघडणाऱ्या मंडलास स्क्वेल्च म्हणतात. स्कॅनरची सारी करामत या द्वारपालावर अवलंबून असते, कारण दार उघडले की संच थांबतो आणि दार मिटले की पुढे चालू लागतो. ते सैल ठेवले तर संच पहिल्याच खरखरीवर अडून बसतो. घट्ट आवळले तर दूरची केंद्रे बोलून जातात आणि श्रोत्याला पत्ताही लागत नाही. मोकळ्या कंप्रतेवर खरखर ऐकत गुंडी हळूहळू फिरवावी आणि आवाज जेथे नुकताच थांबतो त्या जागेच्या केसभर पुढे ती सोडावी. संच निकामी आहे म्हणून दुकानदाराकडे परत नेण्याची पाळी पुष्कळदा या एका गुंडीमुळे येते.

मांडणी नीट झाली की नाही हे पाहण्यास अमेरिकेत एक उत्तम साधन आहे. तेथील राष्ट्रीय हवामान सेवा १६२.४०० पासून १६२.५५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या सात कंप्रतांवर दिवसरात्र बोलत असते. बहुतेक ठिकाणी या सातांपैकी एक तरी ऐकू येते. पण ही सोय केवळ चाचणीपुरती नाही. अमेरिकेच्या मध्यभागातील मैदानी राज्यांत वसंत ऋतूत चक्री वावटळी उठतात आणि सूचना मिळाल्यापासून तळघर गाठण्यास माणसाच्या हाती काही मिनिटेच असतात. रडारला सारे दिसते असा एक समज आहे. पृथ्वी वक्र असल्यामुळे दूर गेलेला रडारचा झोत जमिनीपासून उंच निघून जातो आणि ढगाच्या पोटाखाली काय चालले आहे ते त्यास कळत नाही. म्हणून शिकवून तयार केलेले स्वयंसेवक रस्त्याच्या कडेला उभे राहून ढगाकडे पाहतात आणि जे दिसेल ते हौशी रेडिओवरून कळवतात. हवामान सेवेची कंप्रता आणि या स्वयंसेवकांची कंप्रता अशा दोन जागा स्कॅनरमध्ये भरलेल्या असल्या, तर एकाच वादळाची दोन वर्णने, एक रडारवरून केलेले आणि एक डोळ्यांनी पाहिलेले, घरबसल्या ऐकावयास मिळतात.

यानंतर स्मृतीत काय भरावयाचे हा प्रश्न येतो, आणि येथेच नवशिका बहुधा फसतो. संचात पाचशे जागा आहेत म्हणून तो पाचशेही भरतो. गणित सोपे आहे. संच दर सेकंदास पन्नास जागा तपासत असेल, तर पाचशे जागांची एक फेरी दहा सेकंदांची झाली. वाटेत दोन ठिकाणी बोलणे चालू असेल तर प्रत्येकी पाच-सात सेकंद तेथे गेले. शिवाय उत्तर ऐकता यावे म्हणून बोलणे संपल्यावरही संच दोन सेकंद तेथेच रेंगाळतो. म्हणजे एका जागेवर पुन्हा येण्यास जवळजवळ अर्धा मिनिट लागला, आणि तेवढ्या अवधीत आग लागल्याचा पत्ता सांगून संपलेला असतो. वीस-पंचवीस जागांची एक यादी, विषयवार वेगळ्या ठेवलेल्या अशा चार-पाच याद्या, आणि त्यांपैकी एका वेळी एक किंवा दोनच चालू, ही मांडणी पाचशे जागांपेक्षा कितीतरी अधिक ऐकवते. जी जागा सतत कुरकुरते ती तात्पुरती वगळण्याची कळ असतेच. एका जागेस अग्रक्रम देता येतो. मग इतरत्र काहीही चालू असले तरी संच दर दोन सेकंदांनी तेथे डोकावून येतो.

अंतराविषयीही गैरसमज असतो. या कंप्रतांचे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे क्षितिज हीच त्यांची सीमा. उंचीच्या मीटरमधील आकड्याचे वर्गमूळ काढून त्यास ४.१ ने गुणले की रेडिओ-क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये येते. उभ्या माणसाच्या हातातील संचासाठी ते जेमतेम पाच किलोमीटर. नऊ मीटर उंचीच्या गच्चीवर बारा किलोमीटर. आणि दहा हजार मीटर उंचीवरील विमानासाठी सुमारे चारशे दहा किलोमीटर. म्हणूनच असे घडते की, चारशे किलोमीटरवरील वैमानिकाचा प्रश्न स्वच्छ ऐकू येतो, पण त्याला उत्तर देणारा चाळीस किलोमीटरवरील मनोरा मुळीच ऐकू येत नाही. श्रोत्यास संवादाची एकच बाजू मिळते, आणि दुसरी तो आपल्या मनाने भरून काढू लागतो.

विमानांचा हा पट्टा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा असून तेथे आजही एफ.एम. न वापरता जुनी ए.एम. पद्धती वापरतात. त्यास कारण आहे. एफ.एम. मध्ये दोघे एकदम बोलले तर बलवान केंद्र दुबळ्याला पुरते गिळून टाकते, ए.एम. मध्ये दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून शिटीसारखा सूर उमटतो आणि दुसरेही कोणी बोलत होते एवढे तरी नियंत्रकाला समजते. स्कॅनरवर हा पट्टा ऐकताना पद्धती ए.एम. आहे ना हे पाहून घ्यावे, नाहीतर शब्द फाटल्यासारखे येतात.

मोठ्या शहरांतील पोलीस व अग्निशमन दले आता एकेका कामासाठी एकेक कंप्रता राखून ठेवत नाहीत. रेल्वेच्या तिकीटघरात प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग लावण्याऐवजी एकच रांग लावावी आणि जी खिडकी मोकळी होईल तिच्याकडे पुढच्या माणसास पाठवावे, तशी ही योजना आहे. प्रत्येक गटास एक क्रमांक असतो. एक कंप्रता केवळ सूचनांसाठी असते आणि कोणत्या गटाने या क्षणी कोणत्या कंप्रतेवर जावे हे ती सांगत राहते. त्या सूचना न समजणारा जुना स्कॅनर अशा यंत्रणेत निरनिराळ्या संवादांचे सुटे तुकडे ऐकवतो. सूचना समजणारा आणि ध्वनीचे अंकांत केलेले रूपांतर उलगडणारा संच बराच महाग असतो. तो घेण्यापूर्वी आपल्या गावची यंत्रणा कोणती आहे हे विचारून घेतलेले बरे.

एवढे सगळे जमले तरी ऐकू आलेले शब्द आणि घडलेली गोष्ट यांत अंतर राहतेच. रेडिओवर अक्षरे नीट कळावीत म्हणून प्रत्येक अक्षरास एक शब्द नेमलेला असतो : 'ए' साठी अल्फा, 'बी' साठी ब्राव्हो, 'एम' साठी माइक. १९ एप्रिल २०१३ च्या पहाटे बॉस्टन परिसरात मॅरेथॉन शर्यतीतील बॉम्बस्फोटांच्या संशयितांचा पाठलाग चालू होता आणि हजारो लोक पोलिसांचे संभाषण ऐकत होते. त्यात एका माणसाचे आडनाव आले आणि त्याचे पहिले अक्षर स्पष्ट करण्यासाठी 'माइक' हा शब्द उच्चारला गेला. ऐकणाऱ्यांनी 'माइक' हे त्या माणसाचे नावच समजून तो संशयित असल्याचे जाहीर केले. त्याच रात्री बेपत्ता असलेल्या एका विद्यार्थ्याचे नावही पोलिसांनी घेतल्याची बातमी इंटरनेटवरून पसरली. पुढे ध्वनिमुद्रणे तपासली तेव्हा त्यात त्याचे नाव कोठेही सापडले नाही, आणि स्फोटांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. मुलाच्या शोधात असलेल्या त्याच्या कुटुंबास मात्र अनोळखी लोकांचे शिव्याशाप सोसावे लागले. 'स्कॅनरवर ऐकले' एवढे शब्द त्या रात्री पुराव्यासारखे वापरले गेले. वस्तुतः स्कॅनरवर येते ते बहुधा प्राथमिक वृत्त असते. कोणी काही पाहिल्याचे कळवतो, शिपाई तेथे जातो, आणि दहा मिनिटांनी तसे काही नसल्याचे सांगतो. हे शेवटचे वाक्य ऐकण्यापूर्वीच संच पुढच्या जागेवर गेलेला असणे सहज शक्य आहे. म्हणून जवळ वही ठेवून वेळ, कंप्रता आणि प्रत्यक्ष ऐकलेले शब्द तेवढेच लिहावेत आणि आपला तर्क निराळ्या रकान्यात ठेवावा. ही जुन्या श्रोत्यांची पद्धत कंटाळवाणी वाटली तरी सोडण्यासारखी नाही.

कायद्यानेही ऐकणे आणि सांगणे यांत भेद केलेला आहे. अमेरिकेच्या १९३४ च्या दळणवळण कायद्याचा मुख्य भर, जे संदेश आपल्यासाठी नाहीत ते ऐकून इतरांस कळवू नयेत किंवा त्यांचा स्वतःच्या लाभासाठी उपयोग करू नये, यावर आहे. १९८६ मध्ये मोबाइल टेलिफोनवरील संभाषण ऐकणेही तेथे गुन्हा ठरले, आणि १९९४ पासून त्या कंप्रता ऐकू शकणारे स्कॅनर सामान्य ग्राहकांसाठी बनवण्यास बंदी आली. तरीही डिसेंबर १९९६ मध्ये फ्लॉरिडातील एका जोडप्याने जुन्या स्कॅनरवर ऐकलेले राजकीय पुढाऱ्यांचे टेलिफोन संभाषण ध्वनिमुद्रित करून बाहेर दिले. त्यांना प्रत्येकी पाचशे डॉलर दंड झाला. काही राज्यांत मोटारीत स्कॅनर बाळगण्यावर निर्बंध आहेत.

भारतातील स्थिती याहून कडक आहे. येथे एके काळी आकाशवाणी ऐकण्याच्या साध्या संचासही टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे. १९३३ च्या बिनतारी संदेशांविषयीच्या कायद्याने परवान्याविना असे यंत्र जवळ बाळगण्यासच मनाई केली होती, आणि २०२३ च्या दूरसंचार अधिनियमानेही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी अधिकृत मान्यतेची अट घातली आहे. तेव्हा परदेशातून येताना सहज सामानात टाकून आणावी अशी ही वस्तू नव्हे. ज्यांना या विषयाची ओढ आहे त्यांच्यासाठी हौशी रेडिओची परीक्षा देऊन परवाना मिळवण्याचा मार्ग खुला आहे, आणि त्यात केवळ ऐकण्याऐवजी बोलताही येते.

अमेरिकेतही स्कॅनरवरील जग आता आक्रसत आहे. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी २०२३ पासून आपले संभाषण सांकेतिक करण्यास सुरुवात केली, आणि सांकेतिक केलेले बोलणे कोणत्याही स्कॅनरला उलगडत नाही. नागरिकांची खाजगी माहिती आणि शिपायांची सुरक्षितता हे कारण पोलीस देतात, तर पोलिसांवर नजर ठेवण्याचे साधन गेले अशी वृत्तपत्रांची तक्रार आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु काही कंप्रता सर्वांना ऐकू येण्यातच त्यांचे प्रयोजन आहे : संकटातील विमानासाठी १२१.५ मेगाहर्ट्झ, संकटातील नौकेसाठी १५६.८, आणि हवामान सेवेच्या त्या सात. नवशिक्याने आपल्या संचाच्या स्मृतीतील पहिल्या जागा यांनाच द्याव्यात.