वाईटाचा उगम देवापासून आहे काय?

हा पाठ शिकविण्यापूर्वी यशया ४५:१–७, याकोब १:१३–१७ आणि लूक १३:१–५ हे शास्त्रभाग मंडळीत सावकाश वाचावेत.

देव चांगला आहे असे आपण मानतो. सर्व काही त्याने उत्पन्न केले असेही मानतो. मग वाईट कोठून आले? हा प्रश्न आपल्या घरोघरी उभा राहतो. दारूच्या नादाने संसार बुडविणारा म्हणतो, “देवाने माझ्या कपाळी हेच लिहिले.” बाप्तिस्मा झाला तरी सटवाईच्या लेखावरचा विश्वास त्याच्या मनातून गेलेला नसतो, सटवाईच्या जागी तो देवाचे नाव घेतो, इतकेच. उलट एखाद्या घरी लेकरू दगावले, तर शेजारी कुजबुजतात, “काही तरी पाप घडले असेल, म्हणून देवाने मारले.” पहिला आपल्या पापाचे खापर देवावर फोडतो; दुसरे दुःखाचे खापर दुःखिताच्याच माथी फोडतात. ह्या दोन्ही चुका मंडळीचा घात करणाऱ्या आहेत.

प्रथम यशयाचे वचन पाहू. त्यात देव म्हणतो की प्रकाश व अंधकार, शांती व अरिष्ट ही सर्व माझ्या हाती आहेत. ह्यावरून काही जण म्हणतात की पापही देवानेच निर्माण केले. परंतु येथील मूळ इब्री शब्द ‘रा’ हा फार व्यापक आहे. दुष्टपणाला तो लागतो, तसाच तो फारोच्या स्वप्नातील रोडक्या गाईंना (उत्पत्ति ४१:३) व यिर्मयाने पाहिलेल्या नासक्या अंजिरांनाही (यिर्मया २४:२) लावलेला आहे. कोणता अर्थ घ्यावा हे जोडीच्या शब्दावरून कळते. यशयाने त्याच्यासमोर ‘शालोम’ म्हणजे शांती, कुशल, हा शब्द ठेवला आहे. नीतिमत्त्व हा शब्द ठेवलेला नाही. कुशलाच्या उलट संकट होय. हे वचन पारसाचा राजा कोरेश ह्यास उद्देशून आहे. त्याने ख्रिस्तपूर्व ५३९ साली बाबेल जिंकली. तेव्हा बाबेलवर अरिष्ट आले, आणि बंदिवान यहूद्यांना घरी जाण्याची मोकळीक मिळाली. राज्यांचा उदय व अस्त देवाच्या हाती आहे, हा त्या वचनाचा भावार्थ. पापाचा कर्ता देव आहे, असे ते सांगत नाही.

पापाविषयी याकोब स्पष्ट सांगतो: देव कोणाला पापाच्या मोहात घालीत नाही, मनुष्य आपल्याच वासनेने ओढला जातो.

तर मग पाप ही देवाव्यतिरिक्त दुसऱ्या कोणा सनातन शक्तीची निर्मिती आहे काय? आफ्रिकेच्या उत्तर भागात इ. स. ३५४ साली जन्मलेला आगस्तीन हा तरुणपणी सुमारे नऊ वर्षे मानी नामक गुरूच्या पंथात होता. चांगल्याचे एक व वाईटाचे एक अशी दोन अनादि तत्त्वे आहेत, असे तो पंथ शिकवी. पुढे आगस्तीनाने ते मत टाकले आणि ३८७ साली बाप्तिस्मा घेतला. वाईट ही स्वतंत्र वस्तू नसून चांगल्या वस्तूचा बिघाड आहे, असे त्याने शिकविले. गोठ्यातील उदाहरण घ्या. नासलेले दूध देणारी गाय निराळी नसते. जे नासते ते चांगलेच दूध. तशीच देवाने दिलेली इच्छाशक्ती चांगली आहे. ती देवापासून वळली म्हणजे नासते, आणि त्याचेच नाव पाप.

आता संकटाविषयी. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी व लातूर-उस्मानाबाद भागातील अनेक गावांत भूकंप झाला. सात हजारांहून अधिक माणसे मेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व वरचे मातीचे जड माळवद निजलेल्यांच्या अंगावर कोसळले. हलक्या छपराच्या झोपड्यांतील माणसे त्या मानाने अधिक वाचली. झोपडीतला अधिक पुण्यवान व वाड्यातला अधिक पापी होता काय? असाच प्रश्न प्रभूपुढे आला होता. शिलोहातील बुरूज पडून अठरा जण ठार झाले, ते इतरांहून अधिक अपराधी नव्हते, असे प्रभूने सांगितले; आणि ऐकणाऱ्यांनी स्वतः पश्चात्ताप करावा, असे बजावले. ईयोबाला पापी ठरविणाऱ्या मित्रांवरही देवाचा कोप झाला (ईयोब ४२:७).

तरी एखादी माता विचारील, “माझेच लेकरू का?” ह्याचे उत्तर शास्त्राने दिलेले नाही, आणि जे शास्त्राने दिले नाही ते आपण रचून सांगू नये. शास्त्र इतके दाखविते की देव दुःखापासून दूर उभा राहिला नाही. मनुष्यांनी केलेले सर्वांत घोर पाप म्हणजे निर्दोष ख्रिस्ताला वधस्तंभावर खिळणे. ते पाप करणाऱ्यांचेच होते. पण देवाने त्यातूनच तारण सिद्ध केले (प्रेषितांची कृत्ये २:२३, २४). योसेफाला विकणारे भाऊ दोषीच होते. तथापि त्यांच्या दुष्टपणातून देवाने पुष्कळांचे प्राण वाचविले (उत्पत्ति ५०:२०). देव वाईट उत्पन्न करीत नाही. तो वाईटावर जय मिळवितो.

म्हणून उपदेशक बंधूंनो, दारूबाजाच्या घरी जाल तेव्हा त्याला प्रेमाने पण स्पष्ट सांगा की हा लेख देवाचा नव्हे, आणि पश्चात्तापाचे दार अजून उघडे आहे. शोकाच्या घरी जाल तेव्हा कारणे शोधीत बसू नका. रडणाऱ्यांबरोबर रडा, चूल पेटवा, पाणी भरा, प्रार्थना करा. आणि भिंत खचलेली दिसली तर ती दुरुस्त करण्यास हात लावा, कारण शेजाऱ्याचे संकट टाळणे हेही देवाच्याच इच्छेप्रमाणे वागणे आहे.

मननासाठी प्रश्न: (१) पाप व संकट ह्यांत भेद कोणता? (२) आपण स्वतःच्या कोणत्या दोषाला ‘नशीब’ म्हणतो? (३) आपल्या गावात सध्या कोणाचे घर शोकात आहे, आणि ह्या आठवड्यात त्यांच्याकडे कोण जाणार?