केटी नसलेला देश

चि. अनिरुद्धास अनेक आशीर्वाद.

जर्मनीत विद्यार्थ्याला मिळणारा राहण्याचा परवाना शिक्षणापुरता असतो, आणि पुढचे सगळे त्यावरच उभे असते. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकण्याची फी नसते. खर्च येतो तो राहण्या-खाण्याचा. त्याची हमी म्हणून वर्षाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरून ठेवावे लागतात आणि तिथे पोहोचल्यावर त्यातून महिन्याला 992 युरो हाती येतात. म्युनिकसारख्या शहरात त्यातला मोठा वाटा खोलीच्या भाड्यातच जातो. मग विद्यार्थी काम शोधतो. त्यात गैर काही नाही.

मार्च 2024 पासून विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येते. त्याआधी ही मर्यादा 120 आणि 240 होती. विद्यापीठातच प्राध्यापकाच्या हाताखाली केलेले काम, ज्याला तिथली मुले ‘हीवी’ म्हणतात, या हिशेबात धरत नाहीत. गोदामातले काम धरतात. शशीआत्याच्या नणंदेचा मुलगा सुट्टीवर आला होता. त्याच्याकडून कळले ते असे, की चिरंजीव रात्री दहा ते सहा गोदामात खोकी स्कॅन करतात, सकाळच्या तासाला दिसत नाहीत, आणि एक विषय दुसऱ्यांदा राहिला आहे. ऐकीव गोष्टीत तिखटमीठ असतेच. पण शेवटचा तपशील खरा असेल तर त्याचा अर्थ नीट समजून घेणे भाग आहे.

पुण्या-मुंबईकडे इंजिनिअरिंग केलेल्या मुलाच्या अंगात केटी मुरलेली असते. विषय राहिला की फॉर्म भरायचा, पुढच्या सत्रात पुन्हा बसायचे. गणिताचा एम-थ्री पेपर चार वेळा देऊन पुढे उत्तम नोकरी करणारे आपल्या घरातच आहेत. जर्मनीत बहुतेक ठिकाणी एका विषयाला एकूण तीनच संधी मिळतात. तिसऱ्यांदाही अनिवार्य विषय गेला की विद्यापीठातून नाव कमी होते, आणि तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या विद्यापीठात सहसा करता येत नाही. शिक्षण थांबले की परवान्याचा आधारही जातो. नाव नोंदवून परीक्षेला न जाणे हेही बऱ्याच ठिकाणी नापास धरतात. आजारपण असेल तर डॉक्टरचा दाखला लागतो आणि तो मुदतीत द्यावा लागतो. नाव मागे घेण्याची तारीखही ठरलेली असते, पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती सवलत असेलच असे नाही. हे सर्व त्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा नियमावलीत छापलेले असते. ती रूममेटच्या तोंडून ऐकण्याची गोष्ट नाही, स्वतः वाचावी. एवढे जर्मन वाचता येत नसेल तर ती आणखी एक काळजी.

प्रस्तुत लेखकही एकेकाळी पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकत होता. पिंपरीच्या कारखान्यात ओव्हरटाइम मिळू लागला, माईचे लग्न ठरले होते, आणि क्लास सुटला. आबांनी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. पुस्तके अजून माळ्यावर आहेत. लग्न मात्र छान झाले.

पदवीनंतरचे नियम बरेच उदार आहेत, आणि रात्रपाळी नडते ती इथेच. पदवी मिळाली की नोकरी शोधण्यासाठी 18 महिन्यांपर्यंत राहता येते, आणि त्या काळात पोटासाठी कोणतेही काम चालते. शिक्षणाला साजेशी नोकरी लागली की ब्लू कार्ड नावाचा परवाना मिळतो. नव्या पदवीधरांसाठी 2025 मध्ये त्याची पगाराची अट वर्षाला सुमारे 43,760 युरो होती. जर्मन विद्यापीठाच्या पदवीधराला अशी नोकरी दोन वर्षे केल्यावर कायमचा परवाना मागता येतो, त्यासाठी जर्मन बी-वन पातळीचे हवे. म्हणजे हव्यात दोन गोष्टी, पदवी आणि भाषा. दोन्हींना लागणारे तास गोदामात जात आहेत.

रात्रपाळी करणारा मुलगा आळशी नसतो, हेही इथे नोंदवले पाहिजे. त्याने घरी पैसे मागितले नाहीत, कारण कोथरूडचा फ्लॅट बँकेकडे तारण आहे हे त्याला ठाऊक आहे. त्याच्या वयात एवढा विचार फार थोडे करतात. पण शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. परीक्षा होईपर्यंतचे भाडे इथून पाठवता येईल; काकूची मुदत ठेव या महिन्यात सुटते आहे आणि ती मोडल्यासारखे कुणाला वाटणार नाही. ही गोष्ट त्याच्या आईच्या कानावर गेलेली नाही, जाणारही नाही. विषय तिसऱ्यांदाही गेला तर परतीचे तिकीट काढावे. घरी कुणीही काही विचारणार नाही, याची व्यवस्था केली जाईल.

हिवाळ्यात भारताची वेळ जर्मनीच्या साडेचार तास पुढे असते, उन्हाळ्यात साडेतीन. हिवाळ्यात तिथे रात्री दहाला फोन केला तर इथे अडीच वाजलेले असतात. तरी करावा. म्हाताऱ्यांना त्या वेळी जाग असतेच.

— अण्णाकाका