कचेरीचा ताण घरी येतो तेव्हा

मार्च महिना लागला, की कचेऱ्यांतील आणि बँकांतील मंडळी माझ्या दवाखान्यात जास्त दिसू लागतात. डोके जड, झोप नाही, छातीत जळजळ. मागील मार्चअखेरीस लेखा विभागातील एक कारकून पत्नीसह आले. वय बेचाळीस, रक्तदाब १५६/९८. "काम फार आहे डॉक्टर, बाकी काही नाही," ते म्हणाले. त्यावर पत्नी हळूच म्हणाल्या, "घरी असतात, पण घरात नसतात. धाकटीनं परवा विचारलं, बाबा माझ्यावर रागावलेत का?" गृहस्थ काही बोलले नाहीत.

संकट आले की शरीर अॅड्रिनलीन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडते. नाडी जलद होते, रक्तदाब आणि साखर वाढते. हे तेवढ्यापुरते हिताचेच असते. पण साहेबांचा फोन रात्री दहालाही येईल या धास्तीत माणूस जेवायला बसला, तर शरीराला उसंत मिळतच नाही.

खरा ताण साहेबालाच, असा आपला समज असतो. लंडनमधील सरकारी नोकरांची 'व्हाइटहॉल' पाहणी १९६७ साली सुरू झाली. हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण वरिष्ठांपेक्षा खालच्या श्रेणीतील नोकरांत अधिक आढळले. १९८५ पासूनच्या दुसऱ्या पाहणीत असे दिसले, की आपले काम कसे व केव्हा करायचे हे ज्यांच्या हाती नसते, त्यांना धोका जास्त. कामाचे तासही महत्त्वाचे आहेतच. आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले.

मार्चअखेर टाळणे कोणाच्याच हाती नाही. म्हणून जे हाती आहे तेवढेच मी त्यांना सांगितले. कचेरी सोडण्यापूर्वी उद्याची कामे कागदावर लिहून ठेवा, म्हणजे ती डोक्यात घोळत राहत नाहीत. घरी येताना अर्धा तास चाला. साहेबांशी बोलून रात्रीच्या फोनची एक वेळ ठरवून घ्या. बहुतेक साहेब ऐकतात, आपणच विचारत नाही. जेवताना फोन कपाटात. दिवसाचे आठ-नऊ चहा आणि तंबाखू हे मात्र ताणावरचे औषध नव्हे. आणि छातीत दुखून घाम आला, डावा हात भरून आला, तर तो 'ताण' समजून घरी थांबू नका, ताबडतोब ई.सी.जी. काढा.

ते निघाले, तेव्हा सहज बाईंचाही रक्तदाब पाहिला. १४२/९०! त्या शाळेत शिक्षिका. पहाटे पाचला उठून चौघांचे डबे, शाळा, परत आल्यावर स्वयंपाक आणि मुलींचा अभ्यास. त्यांची तपासणी आजवर कोणी केलीच नव्हती. तपासावे असे आधी मलाही सुचले नाही, हे कबूल करतो. घरकामाची वाटणी करा, हे मी मग गृहस्थांनाच बजावले.

एका मोजणीवरून निदान करत नाहीत, म्हणून दोघांना दोनदा पुन्हा बोलावले. त्यांचा रक्तदाब चढाच राहिला, गोळी सुरू करावी लागली. बाईंचा १२८/८२ वर आला. सकाळचे डबे आता ते भरतात. चमचा द्यायला विसरतात, एवढीच धाकटीची तक्रार आहे.