‘शाश्वत वित्त’ : संज्ञा आणि अधिकार

पर्यावरण व समाज यांवरील परिणाम लक्षात घेऊन भांडवल गुंतविण्याच्या पद्धतीस मराठीत ‘शाश्वत वित्त’ म्हटले जाते. तिच्यामागील विकासकल्पना १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने मांडली. पुढील पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागविणे, हा तिचा आशय होय. अर्थात तीत मर्यादेचे भान मुख्य आहे. या कल्पनेसाठी गुजरातीत ‘टकाउ’, बंगालीत ‘टेकसइ’, तर कन्नड व मलयाळम भाषांत ‘सुस्थिर’ हे शब्द आढळतात. मराठीत मात्र ‘शाश्वत’ रूढ झाला. संतवाङ्मयाचा संस्कार असलेल्या मनाला परतत्त्व तेवढे शाश्वत. धन हे नश्वरतेचेच उदाहरण. ‘वित्त’ शब्दाचा धात्वर्थही ‘मिळालेले’ एवढाच आहे. त्यामुळे या जोडशब्दात एक अंतर्विरोध जाणवतो.

हा विरोध अभ्यासाला उपकारकच ठरतो. कठोपनिषदाच्या आरंभी नचिकेताचा पिता यज्ञात भाकड, जराजर्जर गाई दान देतो. दानाचा विधी पुरा होतो. घेणाऱ्याच्या पदरी मात्र काहीच पडत नाही. पुत्राला खटकते ते हेच. आजच्या हरित रोख्यांपुढील प्रश्न याहून फारसा वेगळा नाही. भारत सरकारचे पहिले सार्वभौम हरित रोखे जानेवारी २०२३ मध्ये विक्रीस आले. लगोलग फेब्रुवारीत ‘सेबी’ने रोखे काढणाऱ्या संस्थांना हरितपणाचा देखावा टाळण्याविषयी सूचना दिल्या. नाव हरित असले, तरी उभारलेला पैसा प्रत्यक्षात कशावर खर्च होतो, हे तपासावेच लागते.

या विषयाचा प्राध्यापक संशोधनासाठी विद्यार्थी निवडू लागतो, तेव्हा हाच प्रश्न प्रवेशाबाबतही उभा राहतो. २०२४-२५ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरले जातात. छात्रवृत्तीस पात्र न ठरलेल्यांच्या निवडीत या गुणांना ७० टक्के व मुलाखतीस ३० टक्के भार आहे. भाषाविषय वगळता प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असतात. मराठी माध्यमातून अर्थशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याला आशय अवगत असूनही परकी संज्ञा अडवू शकते. उलट, संज्ञा मुखोद्गत असलेला आशयाविना पुढे जाऊ शकतो.

प्राचीन शास्त्रग्रंथ आरंभीच ‘अधिकारी’ कोण, हे सांगत. यमाने देऊ केलेले वैभव नचिकेताने नाकारले, तेव्हाच तो विद्येचा अधिकारी ठरला. त्याची परीक्षा झाली ती विवेकाची, पाठांतराची नव्हे. मुलाखतीच्या ३० टक्क्यांत प्राध्यापकाला अशा परीक्षेस वाव मिळतो. तेथे उमेदवाराला ‘शाश्वत वित्त’ची व्याख्या विचारण्यापेक्षा एखाद्या रोख्याचे प्रकटन पुढे ठेवून, यातील गाय दुभती की भाकड, हे त्याच्या भाषेत सांगू द्यावे. शब्दाचे अपुरेपण ओळखणारा विद्यार्थीच या शास्त्राचा अधिकारी होय.