क्षीरपाकाच्या दृष्टीतून मेक्सिकोचे मसालेदार चॉकलेट-दूध

थंडीच्या दिवसांत दालचिनी व मिरची घातलेले गरम चॉकलेट घरी करण्याची आवड आता आपल्या रुग्णांच्या घरांतही शिरली आहे. ‘हे घ्यावे का?’ हा प्रश्न वैद्याला आणि ‘दालचिनी द्या’ ही मागणी औषधी दुकानदाराला येते. दोहोंचा विचार येथे एकत्र केला आहे.

द्रव्यविचार
कोको व लाल मिरची ही दोन्ही अमेरिका खंडातील द्रव्ये असल्याने बृहत्त्रयीत त्यांचा उल्लेख नाही. मेक्सिकोतील मूळ पेयात दूध व साखर नसे. कोको पाण्यात फेसाळून पीत. १५१९ मध्ये स्पॅनिश तेथे पोहोचल्यानंतर दूध, साखर व दालचिनी त्यात आली. कोको चवीला तिक्त-कषाय, स्नेहयुक्त व पचनास जड आहे. त्यात थिओब्रोमिन व अल्प कॅफिन असते. दालचिनी व मिरची उष्ण-तीक्ष्ण आहेत.

ऋतुविचार
कोजागरीच्या दुधात हाच प्रयोग करावा का, असेही विचारले जाते. आश्विन पौर्णिमा शरद ऋतूत, म्हणजे पित्तप्रकोपाच्या काळात येते. त्या रात्रीचे आटीव दूध शीत व मधुर असावे. तेथे मिरचीयुक्त पेय अयोग्य होय. मात्र हेमंत-शिशिरात, निफाड परिसरात कडाक्याची थंडी पडते तेव्हा, अग्नी प्रदीप्त असलेल्यास ते मानवते.

कृती (दोघांसाठी)
क्षीरपाकाचे शास्त्रीय प्रमाण द्रव्य १ भाग, दूध ८ भाग, पाणी ३२ भाग असून दूध शेष राहीपर्यंत आटवतात. सुगंधी द्रव्यातील तेल दीर्घ उकळीत उडून जाते. म्हणून पेयासाठी पाणी कमी घ्यावे.

१०० मि.लि. पाण्यात १ ग्रॅम दालचिनीचा तुकडा व २ ठेचलेले वेलदोडे ५ मिनिटे मंदाग्नीवर झाकून उकळावेत. ४०० मि.लि. दूध घालून उकळी आणावी. २ चमचे बिनसाखरेचा कोको थोड्या कोमट दुधात कालवून मिसळावा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. चिमूटभर मिरची किंवा २ मिरे कुटून घालावेत. गाळून २० ग्रॅम खडीसाखर विरघळवावी व रवीने फेस येईपर्यंत घुसळावे. मेक्सिकोत याच कामी तळहातांत फिरवायची लाकडी रवी वापरतात. पाककृतीत सुचवलेले मीठ दुधाशी विरुद्ध म्हणून वर्ज्य करावे. गरम पेयात मधही घालू नये.

दालचिनी कोणती?
खरा प्रश्न येथेच आहे. आयुर्वेदिक फार्माकोपियातील त्वक् म्हणजे सिलोन दालचिनी. बाजारात तिच्या नावाने बहुधा तज, म्हणजे कॅशिया, मिळते. तजात कौमारिन पुष्कळ असते; ते अतिमात्रेत यकृतास अपायकारक ठरते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००४ मध्ये त्याची दैनंदिन मर्यादा शरीरभाराच्या दर किलोस ०.१ मि.ग्रॅ. ठरविली. तजचूर्णाच्या १ ग्रॅममध्ये सुमारे ३ मि.ग्रॅ. कौमारिन धरल्यास ६० किलोच्या व्यक्तीची मर्यादा २ ग्रॅममध्ये, तर २० किलोच्या बालकाची पाऊण ग्रॅमच्या आतच संपते. सिलोन दालचिनीत त्याचे प्रमाण अत्यल्प असते.

सिलोनची साल कागदासारखी पातळ, अनेक पदरांची, फिकट तपकिरी व सहज मोडणारी असते. तज जाड, एकपदरी, कठीण व लालसर असून दोन्ही कडांनी आत वळलेली दिसते. चूर्णात हा भेद डोळ्यांना दिसत नाही. सबब साल अखंडच घ्यावी. सितोपलादीच्या ३१ भागांत त्वक् १ भागच असल्याने तेथे मात्रा अल्प राहते. तथापि चूर्ण शास्त्रोक्त होण्यासाठी द्रव्यही तेच हवे.

निषेध
अम्लपित्त, अर्श, अर्धशिशी व अनिद्रा असलेल्यांना हे पेय देऊ नये. गर्भिणी, यकृतविकारी व रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी वैद्याला विचारावे. इतरांनीही ते रात्री टाळावे.

पेय नवे असले तरी परीक्षा जुनीच आहे: ऋतू, अग्नी व द्रव्याची ओळख. वैद्याने पहिल्या दोन पाहाव्यात. तिसरीची जबाबदारी दुकानदाराने घ्यावी आणि डब्यावर ‘त्वक्’ व ‘तज’ अशी वेगळी नावे लिहावीत.