घर कोणाचे? कूड, गावाची खोली आणि सोसायटी

वाचन : लेवीय २५:२३-३४



लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात ज्युबिली वर्षाचे नियम आहेत. शेतजमीन कायमची विकायची नाही, कारण जमीन परमेश्वराची आहे आणि माणसे तिच्यावरची कुळे आहेत, हे आपण प्रवचनांत ऐकतो. त्यापुढचा भाग मात्र सहसा वाचला जात नाही. तटबंदीच्या शहरातले घर विकले, तर ते सोडवून घ्यायला एकच वर्षाची मुदत होती. पुढे ते ज्युबिलीतही परत मिळत नसे. अपवाद लेवी लोकांचा. त्यांना वाटणीची जमीन नव्हती, म्हणून त्यांची घरे त्यांना केव्हाही सोडवता येत. ज्याच्याजवळ दुसरे काही नाही, त्याचे शहरातले घर बाजारावर सोडायचे नाही, असा हा नियम आहे.

आपल्याकडे मुलाचे लग्न ठरले की पहिला प्रश्न घराचा येतो. गिरगाव-दादरला ‘ओनरशिप’ परवडत नाही, म्हणून जोडपे वसई-विरारला जाते आणि आईवडील पागडीच्या खोलीत मागे राहतात. घर म्हणजे विकत घेतलेला ब्लॉक, नाहीतर काहीच नाही, हे आपण गृहीत धरले आहे. परंतु याच मुंबईत आपल्याच लोकांनी दुसऱ्या रीतीने घरे उभी केली होती.

धोबीतलावच्या आणि माझगावच्या गोवेकरी ‘कुडी’ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. एकोणिसाव्या शतकात बोटीवर नोकरीसाठी आलेल्या गोवेकर तारवट्यांनी त्या सुरू केल्या. एका गावची एक कूड, किंवा क्लब. गावचा मुलगा म्हणून सभासद व्हायचे आणि अगदी थोडे पैसे भरायचे. भिंतीलगत ट्रंका रांगेने लावलेल्या, रात्री जमिनीवर वळकटी, भिंतीवर गावच्या संताची वेदी. संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना चुकवायची नाही, असा बहुतेक कुडींचा नियम होता. बोट मिळेपर्यंत महिनोन् महिने माणूस तिथे राहू शके आणि बोटीवर गेला की त्याची जागा दुसऱ्याला मिळे. ती जागा कोणा एकाची नव्हती, म्हणूनच ती प्रत्येकाला मिळू शकत होती. बऱ्याच कुडी बंद पडल्या. काही आजही चालू आहेत.

परळ-लालबागच्या चाळींत हीच गोष्ट ‘गावाची खोली’ या नावाने होती. चंदगड-आजऱ्याकडचे आणि कोकणातले गिरणी कामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपत. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागी अंग टाकी. जेवण खानावळीत. या राहणीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. बायकामुलांना तिथे जागा नव्हती, आणि सार्वजनिक नळ-संडासाच्या रांगेत ज्याने उमेदीची वर्षे घालवली, त्याला हे गोडवे ऐकून रागच येईल. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतल्या कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मालकीने देण्याची योजना आली, तेव्हा त्यांना आनंद झाला असेल तर तो रास्तच आहे.

कुटुंबासाठी सामायिक घर कसे असते, याचे उदाहरण गिरगावच्या शेजारीच आहे. १९१५ साली श्रीपाद सुबराव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. देशातली ही पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था मानली जाते. तिची पद्धत भाडेकरू-सहभागीदारीची होती. इमारत संस्थेची, सभासद हा संस्थेचा भागीदार आणि त्याच वेळी तिचा भाडेकरू. घरमालकही आपण आणि कूळही आपणच. तीनच वर्षांनी, १९१८ साली, वांद्र्याला सॉल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली.

ही पद्धत कायद्यात अजून जिवंत आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० आणि त्याखालील १९६१ चे नियम यांत गृहनिर्माण संस्थांचे जे प्रकार दिले आहेत, त्यांपैकी एक भाडेकरू-सहभागीदारी संस्था हा आहे. मुंबईतल्या फ्लॅटच्या बहुतेक सोसायट्या याच प्रकारात मोडतात! म्हणजे ज्याला आपण ‘ओनरशिपचा ब्लॉक’ म्हणतो, त्याची इमारत कागदोपत्री सोसायटीची असते (जमिनीचे हस्तांतरण झाले असेल तर जमीनही). सभासदाकडे असतो तो भाग-दाखला आणि राहण्याचा हक्क.

मग घरे महाग का झाली? कारण तो हक्क बाजारभावाने विकता येतो. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले की हा हक्क ही सभासदाची मालमत्ता आहे; ती विकता येते, कर्जापायी तिच्यावर जप्तीही येऊ शकते. सहकार नावापुरता उरला. स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरात मात्र अशा संस्था वेगळ्या रीतीने चालतात. सभासद भाग विकत घेतो आणि खर्चापुरते भाडे भरतो. घर सोडताना त्याला भागाची मूळ रक्कमच परत मिळते आणि घर पुढच्या कुटुंबाला त्याच बेताच्या भाड्यात जाते. सट्टा करायला काही उरतच नाही. २०११ साली तिथल्या मतदारांनी कौल दिला की २०५० पर्यंत शहरातली एक-तृतीयांश भाड्याची घरे अशा ना-नफा तत्त्वावरची असावीत.

व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या दस्तऐवजात शिकवण आहे की आपल्या मालकीची वस्तूही इतरांच्या उपयोगाची आहे असे समजून ती बाळगावी. २०१४ साली लोकचळवळींच्या प्रतिनिधींसमोर पोप फ्रान्सिस यांनी जमीन, घर आणि काम हे पवित्र हक्क म्हटले. आपण ही शिकवण दानपेटीपर्यंत नेतो. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तिची आठवण ठेवत नाही. पुनर्विकासाच्या सभेत जादा चौरस फुटांवर तासभर चर्चा होते. वाढलेला देखभाल खर्च निवृत्त माणूस किंवा विधवा बहीण कशी भरणार, यावर पाच मिनिटेही होत नाही. खर्च झेपत नाही म्हणून घर विकून निघून गेलेली कुटुंबे आपल्या धर्मग्रामातही आहेत. सामायिक निधीचे व्याज आधी अशांच्या देखभाल खर्चाकडे वळवता येईल का, हे करारावर सही करण्यापूर्वी विचारायला हवे. नंतर विचारणाऱ्याचे कोणी ऐकत नाही.

समूहाच्या पुढच्या बैठकीला येताना आपापल्या सोसायटीच्या नोंदणी दाखल्याची आणि उपविधींची प्रत आणावी. संस्थेचे वर्गीकरण दाखल्यावर लिहिलेले असते. पागडीवाल्यांनी भाडेपावती आणावी.