फुलझाडांच्या बियाण्याची साठवण आणि उगवणक्षमता

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील कुंभकोणम हे मंदिरांचे नगर असून तेथे हारांसाठी झेंडू व कोंबडा या फुलांना मागणी असते. पोंगलच्या हंगामासाठी राखलेल्या बियाण्यास कडक उन्हाळा व दमट हवा सोसावी लागते. कोकणात दसऱ्याच्या झेंडूची स्थिती याहून वेगळी नाही. बियाणे न उगवल्यास त्याच्या किमतीपेक्षा हुकलेला सण अधिक महाग पडतो.

उगवण का घटते?
बी सजीव असून त्याचे श्वसन चालू असते. ओलावा व उष्णता वाढली की श्वसन वाढते, पेशींची आवरणे जीर्ण होतात. प्रथम जोम व नंतर उगवणशक्ती घटते. हॅरिंग्टन यांच्या ठोकताळ्यानुसार बियाण्यातील ओलावा १ टक्क्याने किंवा तापमान ५ अंश सेल्सिअसने कमी केल्यास आयुष्य सुमारे दुप्पट होते. फॅरनहाइट तापमान व सापेक्ष आर्द्रता यांची बेरीज १०० पेक्षा कमी असावी. ३० अंश सेल्सिअस (८६ फॅरनहाइट) व ८० टक्के आर्द्रता असल्यास ही बेरीज १६६ होते. म्हणूनच उघड्या कापडी पिशवीतील बियाणे अशा हवेत लवकर निकामी होते.

सर्व पिकांचे आयुर्मान सारखे नसते. अॅस्टर, साल्व्हिया व फ्लॉक्स यांचे बियाणे अल्पायुषी असल्याने पुढील हंगामातच वापरावे. झेंडू व झिनिया त्या मानाने अधिक टिकतात.

साठवणुकीची पद्धत
१. पक्व, निरोगी फुलांचे बी सावलीत वाळवावे.
२. बियाण्याइतक्याच वजनाच्या सिलिका जेलसह हवाबंद बरणीत ठेवून ओलावा ५ ते ७ टक्क्यांवर आणावा. निळे जेल गुलाबी झाल्यास तापवून पुन्हा वापरावे.
३. बरणीवर जात व काढणीची तारीख लिहून ती फ्रीजमध्ये ठेवावी.
४. बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानास येईपर्यंत उघडू नये. अन्यथा बियाण्यावर दव जमते.

कडुनिंबाचा पाला किडीस अटकाव करतो. मात्र तो हवाबंद साठवणुकीस पर्याय नाही.

पेरणीपूर्व चाचणी
ओल्या कागदावर १०० बिया ठेवून सुदृढ अंकुर मोजावेत. झेंडूसाठी आठवडा, तर अॅस्टरसाठी दहा दिवस पुरतात. ८० ऐवजी ६० बिया उगवल्यास बियाणे एक तृतीयांशाने वाढवावे. निम्म्याहून कमी उगवल्यास ते बदलावे. ही चाचणी रोपवाटिकेच्या तारखेआधी तीन आठवडे घेतल्यास नवे बियाणे मिळविण्यास अवधी राहतो.